गच्चीवरून शुक्राची छबी



आज ज्याच्याविषयी बोलायचे आहे त्याची तुमची ओळख माझ्याहून जुनी आहे. घरोघरी घड्याळे नव्हती त्या काळी शुक्राची चांदणी उगवली की बायका जात्यावर बसत, बैलांपुढे वैरण पडे आणि बाजाराला निघणाऱ्या गाड्या जुंपल्या जात. आजही लग्न ठरवताना पंचांगात शुक्राचा अस्त आडवा आला की वडीलधारी माणसे म्हणतात, ‘थांबा, शुक्र उगवू द्या.’ सूर्य आणि चंद्र सोडले तर शुक्राइतके तेजस्वी दुसरे काही आकाशात नेहमी दिसत नाही. तेव्हा शुक्र कोणता, हे तुम्हांला सांगायची गरज नाही.

पण मी एक विचारतो. शुक्राला तुम्ही ओळखता, परंतु त्याचा चेहरा कधी पाहिलात का? चंद्रावर आपल्याला ससा दिसतो, कुणाला हरिण दिसते. मंगळ दुर्बिणीतून तांबूस दिसतो, त्यावर काळसर डाग दिसतात. गुरूवर पट्टे असतात. शनीला कडे आहे. मग एवढ्या झगझगीत शुक्रावर काय दिसते?

मी सांताक्रूझला राहतो आणि आमच्या इमारतीच्या गच्चीवरून या प्रश्नाच्या मागे लागलो आहे. पेशाने मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. खगोलशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. पण वारे आणि ढग हे माझ्या रोजच्या शिकवण्यातले विषय, आणि शुक्र म्हणजे नुसते ढगच ढग. त्यामुळे मला त्याची ओढ लागली. या नादात थोडे शिकलो, आणि एकदा चांगला फसलोही. ती फजिती पुढे सांगणार आहे, कारण शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना तिचा उपयोग होईल असे मला वाटते.

प्रथम दुर्बिणीतून काय दिसते ते सांगतो. साधी, लहान दुर्बीण शुक्राकडे लावली की पहिला धक्का बसतो तो त्याच्या आकाराचा. शुक्र गोल दिसत नाही, चंद्रासारख्या त्याच्या कला दिसतात. कधी तो अर्धा असतो, कधी कोर असते. इटलीत गॅलिलिओने १६१० साली या कला पाहिल्या, आणि शुक्र पृथ्वीभोवती नव्हे तर सूर्याभोवती फिरतो याचा तो मोठा पुरावा ठरला. शुक्र आपल्यापासून सर्वांत दूर असतो तेव्हा सुमारे २६ कोटी किलोमीटरवर असतो आणि जवळ येतो तेव्हा सुमारे ४ कोटी किलोमीटरवर. म्हणून दूर असताना तो लहान पण जवळजवळ पूर्ण दिसतो, आणि जवळ असताना मोठा पण अगदी बारीक कोरीसारखा. ही गंमत पाहून कोणाचेही मन हरखते.

परंतु दुसरा धक्का निराशेचा. ती कोर कोरीकरकरीत पांढरी असते. तिच्यावर ना डाग, ना पट्टा, ना रेघ. नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीसारखी. दहा मिनिटे डोळा लावून बसा, तासभर बसा, भिंत पांढरीच.

याचे कारण आज आपल्याला ठाऊक आहे. शुक्राभोवती कर्बद्विप्राणिद वायूचे, म्हणजे आजच्या पुस्तकातल्या कार्बन डायऑक्साइडचे, जाडजूड आवरण आहे. जमिनीवर त्याचा दाब आपल्या हवेच्या सुमारे ९० पट आहे आणि उष्णता सुमारे ४६० अंश सेल्सियस, म्हणजे शिसे वितळेल इतकी. या आवरणात पन्नास ते सत्तर किलोमीटरांच्या दरम्यान गंधकाम्लाच्या थेंबांचे ढग आहेत, आणि त्यांना कोठेही खिंडार नाही. आपल्याकडे श्रावणात ढगांतून ऊन डोकावते, तसे तेथे घडत नाही. आपण पाहतो तो शुक्र नव्हे, त्याने पांघरलेली घोंगडी पाहतो.

आता माणसाचा डोळा असा आहे की त्याला रिकामी भिंत सहन होत नाही. काहीतरी दिसलेच पाहिजे असा त्याचा हट्ट असतो. या हट्टाने मोठमोठ्या निरीक्षकांना चकवले. १६६६-६७ च्या सुमारास कॅसिनी या थोर ज्योतिर्विदाने शुक्रावर एक तेजस्वी ठिपका पाहिला आणि शुक्र एका दिवसाहूनही थोड्या कमी वेळात स्वतःभोवती फिरतो असा अंदाज केला. १७२८ साली बियांकिनीने तर शुक्राचा नकाशाच छापला, त्यातल्या समुद्रांना नावे दिली आणि शुक्राचा एक फेरा २४ दिवसांहून थोडा अधिक असल्याचे सांगितले. १८९० साली स्कियापारेल्लीने २२५ दिवस सांगितले. १८९६ साली अमेरिकेत लॉवेलला शुक्रावर बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा दिसल्या. त्या रेघा म्हणजे त्याच्याच डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांची सावली असावी, असे आज काही अभ्यासक म्हणतात.

पाहा, एक दिवस, चोवीस दिवस आणि दोनशे पंचवीस दिवस. ही सगळी माणसे प्रामाणिक होती, कष्टाळू होती. कोणी लबाडी केली नव्हती. पण पांढऱ्या भिंतीवर प्रत्येकाने आपापले चित्र पाहिले.

मग या भिंतीवर खरोखर काही आहे की नाही हे ठरवायचे कसे? येथे रंगीत काचा उपयोगी पडतात. छायाचित्रकार त्यांना फिल्टर म्हणतात. त्यांचे मर्म समजायला दुर्बीण नको, स्वयंपाकघर पुरे.

पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर हळदीच्या पाण्याचा अगदी फिकट डाग पाडा. इतका फिकट की सहज पाहता लक्षात येऊ नये. आता स्नेहसंमेलनात दिव्यांवर लावतात तो जिलेटिनचा लाल कागद डोळ्यांपुढे धरून त्या डागाकडे पाहा. डाग पार नाहीसा होतो, सगळे कापड सारखेच लाल दिसते. मग निळा कागद धरा. तोच डाग आता काळसर होऊन उठून दिसतो. असे का व्हावे? हळद लाल प्रकाश जसाच्या तसा परत पाठवते, म्हणून लाल प्रकाशात हळद आणि कापड यांत फरक नाही. निळा आणि जांभळा प्रकाश मात्र हळद गिळते. म्हणून निळ्या प्रकाशात डागाची जागा अंधारी होते. डाग आधीपासून होताच, त्याला योग्य रंगाने विचारायचे राहिले होते.

शुक्राच्या ढगांचेही असेच आहे. तेथे हळद नाही, पण जांभळ्याच्याही पलीकडचा प्रकाश गिळणारे काहीतरी आहे. जुन्या मराठी पुस्तकांत या प्रकाशाला जंबुपार म्हणत, आताच्या पाठ्यपुस्तकात अतिनील म्हणतात. आपल्या डोळ्याला तो दिसत नाही, पण छायाचित्राच्या काचेला दिसतो. १९२७ साली कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत फ्रँक रॉस यांनी त्या काळच्या सर्वांत मोठ्या दुर्बिणींवर निरनिराळे फिल्टर लावून शुक्राची छायाचित्रे घेतली. लाल आणि अवरक्त प्रकाशातली छायाचित्रे कोरी निघाली. अतिनील प्रकाशातल्या छायाचित्रांवर मात्र काळसर पट्टे उमटले. शुक्राच्या ढगांत भेद आहेत, हे छायाचित्रांनी ठामपणे दाखवून दिले. तो अतिनील गिळणारा पदार्थ नेमका कोणता, याचा निकाल मात्र शास्त्रज्ञांत अजूनही लागलेला नाही. त्यात गंधकाची संयुगे असावीत असे अनेकांना वाटते.

यापुढची गोष्ट मला फार आवडते, कारण तिचा नायक शास्त्रज्ञ नव्हता. चार्ल्स बॉयर हे फ्रेंच गृहस्थ व्यवसायाने न्यायाधीश. आफ्रिकेत, विषुववृत्ताजवळच्या ब्राझाव्हिल या गावी त्यांची नेमणूक होती. आकाशाचा त्यांना छंद होता आणि त्यांच्यापाशी सुमारे दहा इंची आरशाची दुर्बीण होती. फ्रान्समधल्या पिक द्यु मिदी वेधशाळेतले त्यांचे स्नेही कामिशेल यांनी सुचवले म्हणून १९५७ साली त्यांनी शुक्राची अतिनील प्रकाशात छायाचित्रे घ्यायला सुरुवात केली. विषुववृत्ताजवळ शुक्र आकाशात उंच चढतो, हा त्यांचा एक फायदा. दुसरा फायदा त्यांच्या स्वभावाचा. ते रोज छायाचित्र घेत, तारीख आणि वेळ लिहीत आणि जपून ठेवत. ती सगळी ओळीने मांडली तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की एक काळसर खूण दर चार दिवसांनी परत येते आहे.

चार दिवस! हे ऐकून अनेक जाणत्यांना खरे वाटेना. कारण १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रेडिओलहरी शुक्राच्या जमिनीवर आपटवून शास्त्रज्ञांनी त्याचे फिरणे मोजले, ते निघाले २४३ दिवसांना एक फेरा, आणि तोही पृथ्वीच्या उलट दिशेने. शुक्रावर उभे राहता आले आणि ढगांतून सूर्य दिसला, तर तो पश्चिमेला उगवताना दिसेल. जमीन इतकी आळशी आणि ढग चार दिवसांत प्रदक्षिणा घालणार? म्हणजे ढग जमिनीच्या साठपट वेगाने धावतात की काय? तर होय, तसेच आहे. १९७४ च्या फेब्रुवारीत मरिनर-१० हे अमेरिकेचे यान शुक्राजवळून गेले, त्याने अतिनील प्रकाशात चित्रे घेतली आणि न्यायाधीशांचे म्हणणे खरे ठरले. शुक्राच्या ढगांच्या माथ्यावर ताशी सुमारे ३६० किलोमीटर वेगाचे वारे अखंड वाहतात. आपल्या किनाऱ्यावर एवढ्या वेगाचे वादळ कधी आलेले नाही. हे वारे इतके वेगवान कसे राहतात, याचा अभ्यास यानांनी पुढेही चालू ठेवला. युरोपचे व्हीनस एक्सप्रेस यान २००६ ते २०१४ पर्यंत शुक्राभोवती फिरले. जपानचे आकात्सुकी यान २०१५ साली तेथे पोहोचले आणि २०२४ पर्यंत काम करत राहिले. आणि गंमत अशी की या यानांच्या काळात शास्त्रज्ञांनी हौशी लोकांनी आपल्या दुर्बिणींतून घेतलेली छायाचित्रे आवर्जून मागवली. यान सदासर्वकाळ सगळीकडे पाहू शकत नाही. जगभर विखुरलेल्या गच्च्या आणि अंगणे पाहू शकतात.

आता आमच्या सांताक्रूझच्या गच्चीवर येऊ. ही जागा दुर्बिणीसाठी आदर्श आहे असे मी म्हणणार नाही. एका अंगाला विमानतळ, दुसऱ्या अंगाला हमरस्ता. विमान उतरले की त्याच्या मागची तापलेली हवा बराच वेळ थरथरते. हिवाळ्यात धुळीचा पडदा असतो. पावसाळ्यात तर दुर्बीण कपाटातून बाहेरच निघत नाही. याच सांताक्रूझच्या हवामान केंद्रावर २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला होता, हे तुम्हांला आठवत असेल. पण शुक्र इतका तेजस्वी आहे की शहरी दिव्यांचा त्याला उपद्रव नाही. त्याला काळोख नको, स्थिर हवा हवी. दिवसभर तापलेली काँक्रीटची गच्ची संध्याकाळी उष्णता ओकत असते, आणि दुर्बिणीत शुक्र उकळत्या दुधावरच्या सायीसारखा हलतो. म्हणून मी तासभर आधी गच्चीवर बादलीभर पाणी मारतो. या बाबतीत तुमचे शेणाने सारवलेले अंगण किंवा शाळेमागचे गवत माझ्या गच्चीहून सरस आहे.

माझी दुर्बीण आठ इंची आरशाची आहे. अतिनील छायाचित्रासाठी आरशाचीच दुर्बीण बरी, कारण भिंगांची काच हा प्रकाश पुष्कळसा गिळून टाकते. डोळा लावायच्या जागी मी एक छोटा कृष्णधवल कॅमेरा बसवतो आणि त्याच्यापुढे फिल्टर. मग एक चित्र घ्यायचे नाही, तर दोन मिनिटांचा चलत्‌चित्रपट घ्यायचा, म्हणजे हजारो चित्रे. नदीच्या वाहत्या पाण्यात तळाशी रुपया पडला असेल तर तो कसा दिसतो? बहुतेक वेळ वाकडातिकडा, पण मधूनच एक क्षण पाणी शांत होते आणि त्यावरचे आकडेसुद्धा वाचता येतात. संगणक त्या हजारो चित्रांतून असे शांत क्षण निवडतो आणि एकावर एक रचतो.

एक धोक्याची सूचना येथेच देतो. शुक्र आकाशात उंच असताना, म्हणजे सूर्य मावळण्याच्या सुमारास, छायाचित्र उत्तम येते, कारण खाली क्षितिजाजवळची जाड हवा निळा-जांभळा प्रकाश विखरून टाकते. त्यामुळे उजेडातच शुक्र शोधायचा मोह होतो. पण सूर्य आकाशात असताना दुर्बीण मुलांच्या हाती मुळीच देऊ नका. दुर्बिणीतून क्षणभर जरी सूर्य डोळ्यात गेला तरी दृष्टी कायमची जाते. मी स्वतः पाण्याच्या टाकीच्या सावलीत, सूर्य भिंतीआड गेला की मगच दुर्बीण उघडतो. शाळेत तर सूर्य मावळल्यावरच पाहावे.

आता माझी फजिती. २०२५ च्या जानेवारीत शुक्र संध्याकाळी पश्चिमेला छान उंच होता. सूर्यापासून त्याचे अंतर सर्वांत अधिक होते आणि सूर्यास्तानंतरही तो तीन तासांहून जास्त वेळ आकाशात राही. त्याआधी महिनाभर मी साध्या जांभळ्या काचेने चित्रे घेत होतो आणि ती कोरी येत होती. पुढे कळले की ती जांभळी काच अवरक्त प्रकाशही चोरवाटेने आत सोडते. डोळ्याला तो दिसत नाही, पण कॅमेरा तेवढाच पिऊन घेतो. म्हणजे जांभळी म्हणून जमवलेली माझी चित्रे पुष्कळशी अवरक्ताचीच होती, ती कोरी येणारच. मग पैसे साठवून खास अतिनील फिल्टर घेतला. एका लहान दुर्बिणीइतकी त्याची किंमत पडली. घरात थोडी कुरकुर झाली, ती रास्तच होती.

पहिल्याच संध्याकाळी चित्रात एक काळसर पट्टा दिसला! संगणकावर चित्राला जरा धार आणली, तसा तो अधिकच ठळक झाला. दुसऱ्या दिवशी दिसला, तिसऱ्या दिवशीही दिसला. माझा आनंद काय सांगू! मी ती तीन चित्रे मोठी करून महाविद्यालयाच्या फलकावर लावली. खाली लिहिले, ‘शुक्राचे ढग’. विद्यार्थी जमले, सहकाऱ्यांनी पाठ थोपटली. वर्गात मी बॉयर साहेबांची गोष्ट सांगितली आणि चार दिवसांचा फेराही सांगितला.

तास संपल्यावर दुसऱ्या वर्षातली एक मुलगी थांबली. भीत भीत म्हणाली, ‘‘सर, ढग चार दिवसांत फिरतात म्हणालात. मग तीन दिवस तो पट्टा एकाच जागी कसा?’’

श्रोतेहो, मी तिच्याकडे पाहतच राहिलो. प्रश्न इतका साधा होता की तो मला सुचायला हवा होता. त्या संध्याकाळी मी गच्चीवर गेलो, एक चित्र घेतले, मग कॅमेरा पाव वळसा फिरवला आणि दुसरे घेतले. पट्टा शुक्रावरचा असता तर तो शुक्राबरोबर राहिला असता. पण तो कॅमेऱ्याबरोबर फिरला. शुक्रावर काहीच नव्हते. कॅमेऱ्याच्या आतल्या काचेवर धुळीचा कण बसला होता. मी रोज अगदी शिस्तीने शुक्राला चौकटीच्या मध्यभागी आणत असे, म्हणून धुळीची सावली रोज शुक्राच्या त्याच भागावर पडे. शिस्तीनेच माझा घात केला, आणि संगणकावरच्या धार आणण्याने त्यावर कळस चढवला. कॅसिनीला आणि लॉवेलला मी मनातल्या मनात हसलो होतो. आता त्यांच्या पंगतीत माझेही पान मांडले गेले.

त्या रात्री मनात आले की चित्रे गुपचूप काढून टाकावीत. कोण विचारणार आहे? चार दिवसांत सगळे विसरतील. पण मग ती मुलगी? तिने प्रश्न विचारला आणि सरांनी चित्रे लपवली, एवढेच तिच्या लक्षात राहिले असते. आपण वर्गात वर्षभर निरीक्षण, पुरावा, अनुमान हे शब्द फळ्यावर लिहितो. मुले ते शब्द लिहून घेतात आणि परीक्षेनंतर विसरतात. परंतु शिक्षक चुकल्यावर काय करतो हे ती विसरत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी चित्रे तशीच ठेवली आणि शेजारी कॅमेरा फिरवून घेतलेले चित्र लावले. खाली लिहिले, ‘हे शुक्राचे ढग नाहीत, ही आमच्या कॅमेऱ्यातली धूळ आहे. हे एका विद्यार्थिनीच्या प्रश्नामुळे कळले.’ सांगायला हरकत नाही, पहिल्या चित्रांपेक्षा या फलकापुढे अधिक गर्दी झाली.

तेव्हापासून मी न्यायाधीश बॉयर यांच्या कचेरीतले नियम माझ्या गच्चीला लावले. एका साक्षीदारावर निकाल द्यायचा नाही. दर संध्याकाळी दोन चित्रे, एक लाल फिल्टरने, एक अतिनील फिल्टरने. जी खूण दोन्हींत दिसेल तिच्यावर संशय घ्यायचा, कारण खऱ्या ढगांनी लाल प्रकाशात जवळजवळ कोरे राहायला हवे. मध्ये एकदा कॅमेरा फिरवायचा. जी खूण कॅमेऱ्याबरोबर फिरेल ती बाद. चित्राला धार आणायची ती दोन्हींना सारखीच. आणि काहीच दिसले नाही तर वहीत स्वच्छ लिहायचे, ‘काही दिसले नाही.’ हा शेवटचा नियम पाळायला सर्वांत अवघड आहे.

त्या महिनाअखेर दोन संध्याकाळी अतिनील चित्रात एक फिकट, तिरकी काळसर छाया आली. लाल चित्रात ती नव्हती. कॅमेरा फिरवला तरी ती शुक्रावरच राहिली. तिसऱ्या संध्याकाळी ती तेथून हलली होती. पहिल्या दिवसानंतर चार दिवसांनी पुन्हा तशीच छाया दिसली, पण त्या दिवशी धूळ फार होती, म्हणून वहीत मी तिच्यापुढे प्रश्नचिन्ह घातले आहे. ते प्रश्नचिन्ह माझ्या त्या ठळक पट्ट्याहून मला मोलाचे वाटते.

तुम्ही म्हणाल, ‘साहेब, आमच्या शाळेत आठ इंची दुर्बीणही नाही आणि अतिनील फिल्टरही नाही. आम्ही काय करावे?’ करण्यासारखे पुष्कळ आहे.

हळदीचा आणि जिलेटिनचा प्रयोग उद्याच वर्गात करता येईल. मग शुक्र संध्याकाळचा तारा असेल त्या दिवसांत, सूर्य मावळल्यावर, लहान दुर्बिणीतून त्याची कला रोज वहीत काढा. एका पानावर एकच चित्र, वर तारीख आणि वेळ. शुक्र अर्धा कोणत्या दिवशी दिसला याची नोंद विशेष करून ठेवा. गणिताने तो अमुक दिवशी अर्धा व्हायला हवा, पण संध्याकाळच्या शुक्राच्या बाबतीत डोळ्याला तो काही दिवस आधीच अर्धा दिसतो. १७९३ साली श्रोएटर या जर्मन निरीक्षकाने हा फरक प्रथम नोंदवला. पिवळ्या आणि निळ्या फिल्टरमधून पाहिले तर हा दिवस बदलतो का, हे मुलांनाच तपासू द्या. प्रत्येकाने आपली वही झाकून काढावी, शेजाऱ्याची पाहू नये, आणि मग सगळ्यांनी वह्या उघडून ताडून पाहाव्यात. शुक्र पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून जाण्याच्या आधीच्या आठवड्यांत त्याची कोर इतकी मोठी होते की चांगल्या द्विनेत्रीतूनही कळते. दुर्बीण नसेल तर तेवढीही पुरे.

आणि एकटे वाटून घेऊ नका. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे. मुंबईत नेहरू तारांगण १९७७ पासून आहे, खगोल मंडळाची मंडळी आहेत. पुण्याच्या आयुका या संस्थेने आपल्या हाताने आरसा घासून दुर्बीण करण्याच्या कार्यशाळा भरवल्या आहेत. आपल्या भाषेत या विषयाची परंपराही जुनी आहे. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा थोर ग्रंथ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक होते, आणि जन्माने दापोलीजवळच्या मुरूडचे. खेड्यातून आलेल्या शिक्षकाने आकाशाची नोंद ठेवावी, यात आपल्याकडे नवे काही नाही.

शेवटी एक हिशोब सांगतो. शुक्र दर आठ वर्षांनी जवळजवळ त्याच तारखांना आकाशात त्याच जागी परत येतो. २०१७ साली २५ मार्चला तो पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून गेला होता, २०२५ साली २३ मार्चला गेला. म्हणजे आज सहावीत असलेल्या मुलीने वहीत शुक्राचे जे चित्र काढले, ते ती महाविद्यालयात गेल्यावर आकाशाशी पुन्हा ताडून पाहू शकेल. भारत सरकारनेही २०२४ साली शुक्राकडे यान पाठवण्याच्या योजनेला मंजुरी दिली आणि ते २०२८ साली सोडायचे ठरवले. त्या यानाकडून येणारे आकडे वाचायला माणसे लागतील. कोऱ्या भिंतीवर आपल्या मनातले चित्र न रंगवणारी, ‘काही दिसले नाही’ असे लिहिण्याची सवय असलेली माणसे लागतील. ती सवय तुमच्या वर्गात, चार आण्याच्या हळदीने आणि एका साध्या वहीने लावता येते.

शुक्र आज संध्याकाळचा आहे की पहाटेचा, ते पंचांगात पाहा. आणि तो दिसला की वहीत तारीख घाला.